सिस्टरांचा दवाखाना, सिकलसेलचा शनिवार: दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्ष झालं तिकडे जाऊन, लिहीन लिहीन म्हणता राहून गेलं. मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका मुलाच्या आईने विचारलं, मॅडम तुमच्या भाच्याला कुठं दाखवता, तेव्हा म्हटलं आता सविस्तर लिहूनच टाकते, आणखी कोणाला लागलं तर वाचता येईल. उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या पुढे चर्चच्या आवारात सिस्टर लोकांचा छोटासा दवाखाना आहे. पाटीवर कोण्या संताचं मोठं इंग्रजी नाव आहे पण ते ऑटोवाल्याला कळत नाही, सिस्टरांचा दवाखाना म्हटलं की बरोबर गेटवर आणून सोडतो. रोजची ओपीडी असतेच, मी लिहितेय ते फक्त शनिवारच्या सिकलसेल तपासणीबद्दल. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, ह्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात.

आधी आमचं सांगते. भाचा सात वर्षांचा आहे, एसएस, म्हणजे हा आजार असलेला. नऊ महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही हात आणि पावलं सुजली होती, आजी म्हणाली काही चावलं असेल, तेल लावलं, शेक दिला, चार दिवसांनी उतरली. ते सिकलचं पहिलं लक्षण होतं हे आम्हाला चार वर्षांहून जास्त काळाने कळलं. मधल्या काळात कावीळ म्हणून औषधं झाली, रक्त कमी म्हणून टॉनिक झालं, बीट-गाजर झालं. पाच वर्षांचा असताना डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता पाय धरून ओरडायला लागला तर भाऊ त्याला घेऊन एका खासगी हॉस्पिटलला धावला, तिथे ड्युटीवरच्या माणसाने पाय दाबून पाहिला आणि म्हणाला सूज नाही, फ्रॅक्चर नाही, पोरगं शाळा बुडवायला नाटक करतंय. भावाने ते खरं मानलं आणि घरी आणून त्याला रागावला. हे आठवलं की भाऊ आजही जेवता जेवता उठून जातो.

मग कोणीतरी ह्या दवाखान्याचं सांगितलं. मी स्वतः विज्ञान शिकवते, दहावीला आनुवंशिकता शिकवून वर्षं झाली, मेंडेलचे वाटाणे फळ्यावर किती वेळा काढले असतील, तरी घरातल्या लेकराच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं आणि ते लपवायचं नाही.

पहिल्या दिवशी काय काय झालं ते सांगते. सकाळी साडेनऊला गेलो, केस पेपरचे ३० रुपये. तपासणी करणाऱ्या सिस्टर केरळच्या आहेत, बावीस वर्षं विदर्भात काढली आहेत, मराठी आपल्यासारखीच बोलतात, मधेच हो म्हणायला आपल्यासारखं "हाव" पण म्हणतात. त्यांनी रक्त घ्यायच्या आधी भाच्याला विचारलं, कुठं दुखतं रे बाळा, आणि तो काय सांगतो ते लिहून घेतलं. त्याच्याच शब्दात लिहिलं, "हाडाच्या आतून कोणी चावते". वहिनी तिथेच रडायला लागली, कारण तोवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं, सगळे आम्हाला विचारत होते.

सोल्युबिलिटी टेस्ट त्या समोरच करतात. परीक्षानळीतल्या औषधी पाण्यात दोन थेंब रक्त टाकायचं आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण इथेच बरेच लोक फसतात, ह्या टेस्टने फक्त आहे की नाही तेवढं कळतं, वाहक आहे म्हणजे एएस की आजारी म्हणजे एसएस हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी त्यावर भरोसा ठेवायचा नाही, कारण बाळाच्या अंगात तेव्हा आईच्या पोटातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं आणि ते सिकलला झाकून ठेवतं. कॅम्पमध्ये लोकांना घाईघाईत "पॉझिटिव्ह आहे" एवढंच सांगून पाठवतात आणि मग एएस असलेली पोरगी आपण आजारी आहोत म्हणून आयुष्यभर घाबरून बसते, लग्न मोडतात, हे मी आमच्याच वस्तीत पाहिलं आहे. इथे एएस रिपोर्ट आलेल्या माणसाला बाजूला बसवून नीट सांगतात की तू आजारी नाहीस, तुला औषध नको, फक्त लग्न जमवताना समोरच्याचं रक्त तपासून घे.

आता चिंचोक्याचं सांगते, माझ्या मते ह्या दवाखान्यातली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. आईबाप दोघेही एएस निघाले, म्हणजे भाऊ आणि वहिनी. सिस्टरांनी टेबलाच्या खणातून कापडाच्या दोन पिशव्या काढल्या, एक भावाच्या हातात, एक वहिनीच्या. प्रत्येक पिशवीत दोन चिंचोके, एक अख्खा काळपट म्हणजे चांगलं जनुक, एक घासून पांढरा केलेला म्हणजे सिकलचं जनुक. म्हणाल्या दोघांनी न बघता एक एक काढा. दोन्ही पांढरे आले तर एसएस, एक पांढरा एक काळा तर एएस, दोन्ही काळे तर काहीच नाही. वीस वेळा काढायला लावलं, वहिनी कागदावर रेघा मारत गेली. आणि दर वेळी त्या एकच वाक्य म्हणायच्या, "परत पिशवीत टाका, मग काढा." त्या परत टाकण्यातच सगळं आहे. कारण आमच्या घरात सगळ्यांचा समज होता की चारातल्या एकाला होतो ना, मग एकाला झाला, आता पुढचे तीन सुटले. भाऊ इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला आहे, त्याचाही तोच समज होता. दर बाळंतपणाला पिशवी पुन्हा भरलेलीच असते, दर वेळी २५ टक्के, हे त्याला वीस वेळा हात घातल्यावर कळलं. मी पंचवीस मार्कांचा धडा शिकवते आणि हे असं शिकवायचं मला कधी सुचलं नाही, आता शाळेत पण चिंचोके ठेवले आहेत.

तेव्हाच सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, टीचर, मेंडेल आमचा होता, माहीत आहे ना. मला वाचून माहीत होतं की तो मठात होता, पण तो नीट दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू होता, १८४७ साली, हे डोक्यात कधी बसलंच नव्हतं. घरी येऊन वाचत बसले. ऑगस्टिनियन संघाचा, ब्रनोच्या मठातला, शिक्षकाच्या परीक्षेत १८५० मध्ये नापास झाला आणि पुढे पुन्हा बसला तरी जमलं नाही, १८६८ मध्ये मठाचा प्रमुख होईपर्यंत बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिला. मधे मठानेच त्याला व्हिएन्नाला शिकायला पाठवलं. मग १८५६ पासून सात-आठ वर्षं मठाच्या बागेत वाटाण्याची जवळपास २८,००० झाडं लावून मोजत बसला. गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०, म्हणजे जवळपास तीनास एक. १८६५ मध्ये वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं, कोणी फारसं लक्ष दिलं नाही, १८८४ मध्ये वारला आणि १९०० मध्ये जगाला कळलं. इंदोऱ्याजवळच्या एका खोलीत वहिनी कागदावर रेघा मारत होती ती त्याच माणसाची मोजणी. सेमिनरी हिल्सला आपण सगळे फिरायला जातो, जॅपनीज गार्डनला जातो, लेकरांना बालोद्यानात नेतो, ती सेमिनरी म्हणजे धर्मगुरू तयार करणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे आणि तिच्यावरून टेकडीला नाव पडलं हे नागपूरकरांपैकी कितीजण लक्षात ठेवून असतात.

मी मास्तरीण आहे त्यामुळे सरळ विचारलं, सिस्टर, मग गॅलिलिओचं काय. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, चूक झाली होती, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणाला म्हणून चर्चने १६३३ साली त्याला शिक्षा केली ती चूकच, आणि १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ती चूक उघड कबूल केली, उशीर झाला, फार उशीर झाला. मग म्हणाल्या, आमच्यात लोक मानतात की जग देवाने केलं, म्हणून तर ते नीट बघायचं, मोजायचं, रक्त गढूळ झालं का बघायचं, ती प्रार्थनेच्या आड येणारी गोष्ट नाही. विश्व पसरतं आहे हे गणिताने मांडणारा ज्यॉर्ज लमेत्र पण पाद्रीच होता, १९२७ मध्ये. आणि पोपने त्या सिद्धांताला बायबलमधल्या निर्मितीशी जोडलं तेव्हा लमेत्रलाच ते आवडलं नव्हतं, त्याचं म्हणणं विज्ञान विज्ञानाच्या जागी ठेवा. हे मला पटलं. मी गडबडीत म्हणाले, आणि आपले हिस्लॉप साहेब, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे, ते पण दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरायचे ना. तर हसून म्हणाल्या, ते आमचे नाहीत टीचर, ते स्कॉटिश प्रोटेस्टंट, पण काम चांगलं केलं.

आता जे विचारायला लोक कचरतात ते. आम्ही बौद्ध आहोत. शेजारच्या काकू म्हणाल्या, तिकडं जाऊ नका, धर्म बदलवतात. दीड वर्षात एकदाही, परत लिहिते, एकदाही कोणी प्रार्थनेला बसा म्हटलं नाही, केस पेपरवर धर्माचा रकाना नाही, भिंतीवर येशूचा फोटो आहे आणि त्याखाली पाणी प्यायचं वेळापत्रक लावलं आहे एवढंच. मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या की पोप बेनेडिक्टनी २००५ मध्ये लिहूनच ठेवलं आहे की सेवा ही धर्मप्रसाराचं साधन म्हणून करायची नाही, प्रेम फुकट असतं, त्याच्या बदल्यात काही मागितलं की ते प्रेम राहत नाही. सगळीकडे असंच असेल ह्याची हमी मी कशी देणार, मी बघितलं ते सांगतेय.

आणि दुसरी गोष्ट माझ्या बाबांची. बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत होते, दीक्षाभूमीवर १९५६ साली आजोबांच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यांना दान हा शब्दच आवडत नाही. सेवाभावी दवाखाना म्हटल्यावर म्हणाले, भीक घ्यायला जाता का, आपल्या पोराचा इलाज हा आपला हक्क आहे, सरकारकडे मागा. एका शनिवारी मी मुद्दाम त्यांना सोबत नेलं. तिथे त्यांनी हेच सिस्टरांना ऐकवलं, सगळी लाईन ऐकत होती, मला कसंतरी झालं. सिस्टर म्हणाल्या, बाबा तुम्ही बरोबर बोलता. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने हेच सांगितलं की जे न्यायाने द्यायचंच आहे ते दान म्हणून देऊ नका. म्हणून मी आधी तुमचा हक्क मिळवून देते, मग माझ्याकडून जे जमेल ते. आणि खरंच तसंच करतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याच्या दाखल्याचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला, कोणती कागदं लागतील ते सांगितलं. केंद्र सरकारचं सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणतात, तर सरकारी केंद्रात कुठली गोळी मिळते ते सांगून तिकडे पाठवतात, फुकटची गोळी स्वतः वाटून उपकार केल्यासारखं करत नाहीत. सरकारीत गोळी संपली असेल तेव्हा मात्र इथून देतात आणि वहीत लिहून ठेवतात. बाबा परत येताना ऑटोत काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र स्वतःच विचारलं, किती वाजता निघायचं.

पोप पॉल सहावे ह्यांनी १९६७ मध्ये विकासावर एक पत्र लिहिलं होतं, त्यात मुद्दा असा की विकास म्हणजे नुसता पैसा वाढणं नाही, पूर्ण माणसाचा आणि प्रत्येक माणसाचा झाला तर विकास. मला हे वाक्य नुसतं वाचलं असतं तर भाषण वाटलं असतं. पण इथे ते लहान लहान गोष्टीत दिसतं. भाच्याच्या शाळेला सिस्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की ह्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या, लघवीला कितीदाही जाऊ द्या, मे-जूनच्या उन्हात मैदानात उभं करू नका, हिवाळ्यात स्वेटरवरून बोलू नका. रक्तातल्या पेशी १२० दिवस जगायच्या त्या दहा-वीस दिवसात फुटतात, पाणी कमी पडलं की त्या अडकतात आणि तीच ती हाडातली चावणारी कळ, हे शाळेतल्या बाईंना कळलं पाहिजे ना. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं औषध सुरू आहे, ठरलेल्या तारखेला सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी करायला बोलावतात, आपण विसरलो तर फोन येतो. ताप १०१ च्या वर गेला की वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, हे वहिनीकडून पाठ करून घेतलं आहे, कारण ह्या लेकरांची प्लीहा नीट काम करत नाही आणि इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. दीड वर्षात क्रायसिस, म्हणजे तो कळांचा झटका, दोनदाच आला, आधी महिन्याला यायचा.

मी त्यांना जीन थेरपीबद्दल पण विचारलं होतं, २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेने सिकलसाठी जनुक दुरुस्त करायचा पहिला इलाज मंजूर केला त्याबद्दल. म्हणाल्या, आजारी माणसाच्या शरीरातली पेशी बरी करणं ह्याला चर्चची हरकत नाही, २००८ मध्येच तसं लिहिलं आहे, पुढच्या पिढ्यांमध्ये जाईल असा बदल करणं ह्याला मात्र आहे. मग किंमत विचारली त्यांनी. मी सांगितलं, अमेरिकेत २२ लाख डॉलर. त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, म्हणजे आजार आमच्या पोरांचा आणि औषध दुसऱ्यांचं. हे त्या फार कडवटपणे बोलल्या, आणि मला वाटतं बरोबर बोलल्या.

आता जिथे माझं पटलं नाही ते. वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले. दहा ते बारा आठवड्यात पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, बाळ एसएस आहे का कळतं. आम्ही सिस्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की बाळाबद्दल आधी कळावं, तयारी करता यावी म्हणून तपासणी करायला आमची ना नाही, पण एसएस निघालं तर गर्भ पाडायचा असं ठरवून करत असाल तर मी त्यात मदत करू शकत नाही, आमच्या मानण्यात तो पहिल्या क्षणापासून जीव आहे. आणि मग म्हणाल्या, हा जो समोर खेळतोय तो पण एसएस आहे, तो नसता तर बरं झालं असतं असं मी त्याच्यासमोर कसं म्हणू. हे शेवटचं वाक्य मला लागलं, आणि तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. रात्री दोन वाजता पाय धरून ओरडणारं लेकरू ज्या आईने मांडीवर घेतलं आहे, ठरवायचा अधिकार तिचा आहे, आणि कायद्यानेही तिला ती वाट दिली आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत, पण पत्ता पण दिला नाही, आम्ही दुसरीकडून माहिती काढली. वहिनीने काय ठरवलं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. एवढं मात्र लिहिते की त्यानंतर तिथल्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही, सिस्टर वहिनीला तेवढ्याच मायेने विचारतात, भाच्याची तारीख आली की तसाच फोन येतो. पण ज्यांना ह्या विषयात सल्ला हवा आहे त्यांनी वेळ न घालवता आधीच दुसऱ्या ठिकाणी विचारून ठेवावं, कारण आठवडे निघून जातात.

बाकी तक्रारी पण आहेत. पोस्टर अर्धे इंग्रजीत आहेत, गडचिरोली-भंडाऱ्याकडून आलेल्या बायांना ते काय वाचता येणार, मी दोनदा सांगितलं आणि मराठीत लिहून देते म्हटलं, अजून लागले नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट बाहेरून येतो, आठ दिवस म्हणतात आणि पंधरा लागतात, आणि ते पंधरा दिवस घरातल्यांची झोप उडालेली असते हे काउंटरवाल्यांना कळायला पाहिजे. डॉक्टर एका शनिवाराआड येतात, फोन न करता गेलात तर चक्कर वाया जाते. ऑनलाईन पेमेंट चालत नाही. बसायच्या हॉलमध्ये दोनच पंखे, मे महिन्यात सिकलच्या पोरांना तिथे तासभर बसवणं बरोबर नाही, कूलर पाहिजेच. आणि औषधाच्या खिडकीवरच्या दुसऱ्या सिस्टर फार तुटक बोलतात, म्हाताऱ्या माणसाने दोनदा विचारलं तर आवाज चढतो. आतल्या खोलीत एवढी माया आणि खिडकीवर असं, हे जुळत नाही.

पाचपैकी चार देते. एक कापला तो पोस्टर, पंखे आणि खिडकीसाठी, सिस्टरांच्या मतासाठी नाही.

जायचं असेल तर शनिवारी साडेनऊच्या आत पोचा, केस पेपर साडेबाराला बंद होतो. जुने रिपोर्ट सगळे न्या, आईबाप दोघेही जा, एकट्या आईला पाठवू नका, कारण पिशव्या दोन आहेत. तपासणी ५० रुपये, सुट्टे ठेवा. आणि लेकराला पाण्याची बाटली भरून द्या, आवारातल्या माठाचं पाणी बाराच्या सुमाराला संपतं.